परसबागेतील स्ट्रॉबेरी : बेळगाव-निपाणीच्या हवेत रोप वर्षानुवर्षे कसे टिकवावे

हिवाळ्यात आपल्याकडच्या नर्सरीत स्ट्रॉबेरीची रोपे दिसू लागतात. नातवंडांच्या हट्टापायी आपण दोन-चार रोपे घेतो. जानेवारीत लालचुटूक फळे लागतात, फोटो निघतात, आणि मे महिन्यात वाळलेली कुंडी कोपऱ्यात जाते किंवा जुलैच्या पावसात रोप कुजते. पुढच्या वर्षी पुन्हा नवी रोपे. त्यामुळे स्ट्रॉबेरी हे एका हंगामाचे रोप आहे, असा समज आपल्या बहुतेक सभासदांच्या घरी पक्का झालेला आहे.

हा समज बरोबर नाही. स्ट्रॉबेरी ही बहुवर्षायू वनस्पती आहे. थंड देशांत तेच रोप बर्फाखाली झोपते आणि वसंतात पुन्हा उठते. आपल्याकडे बर्फ नाही, पण कडक उन्हाळा आणि चार महिन्यांचा पाऊस आहे. तेवढे दोन अडथळे पार केले की रोप टिकते, आणि आपल्या पिल्लांच्या रूपाने तर अनेक वर्षे टिकते. उद्यमबाग, अनगोळ, मजगाव, टिळकवाडी या भागांतल्या गच्चीवर आणि परड्यात हे कसे साधता येते, याची माहिती आम्ही येथे एकत्र देत आहोत. निपाणीकडच्या सभासदांसाठी जेथे फरक करावा लागतो, तेथे तसे लिहिले आहे.

ओळख आणि थोडा इतिहास

आज आपण खातो ती मोठ्या फळाची स्ट्रॉबेरी निसर्गात अशी कुठेच नव्हती. उत्तर अमेरिकेतली एक जात आणि दक्षिण अमेरिकेतल्या चिलीची एक जात, अशा दोघींच्या संकरातून ती अठराव्या शतकात फ्रान्समध्ये जन्मली. फ्रेझिए नावाच्या फ्रेंच लष्करी अभियंत्याने १७१४ साली चिलीहून काही रोपे आणली. ती ब्रिटनी प्रांतात उत्तर अमेरिकेतल्या जातीच्या शेजारी वाढली आणि हा संकर घडला. १७६६ साली ड्युशेन या विशीच्या आतल्या तरुणाने स्ट्रॉबेरीवर ग्रंथ लिहून तिच्या या कुळाचा उलगडा केला.

भारतात स्ट्रॉबेरी म्हटले की महाबळेश्वर, पाचगणी आणि भिलार हीच नावे समोर येतात. देशातील उत्पादनाचा मोठा हिस्सा याच पट्ट्यातून येतो. २०१० साली महाबळेश्वर स्ट्रॉबेरीला भौगोलिक मानांकन मिळाले. मे २०१७ पासून 'पुस्तकांचं गाव' म्हणून ओळखले जाणारे भिलार मुळात स्ट्रॉबेरीचेच गाव.

महाबळेश्वरचे शेतकरी मात्र दर वर्षी नवी लागवड करतात, हे खरे आहे. त्याला कारणे आहेत. तेथे वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, त्यात उघड्या शेतातली रोपे तग धरत नाहीत. शिवाय ताज्या रोपाला मोठे फळ येते आणि जुन्या रोपातला रोग पुढे जात नाही. म्हणून मातृरोपे वाईसारख्या कमी पावसाच्या भागात वाढवून त्यांची पिल्ले सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये वरच्या शेतात लावतात. म्हणजे बाजारासाठी पिकवणाराही मूळ रोप जपतोच, फक्त दुसऱ्या जागी जपतो. आपल्याला हेच काम एका गच्चीत करायचे आहे.

आपली हवा

बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे २५०० फूट उंचीवर आहे आणि महाबळेश्वर सुमारे ४५०० फुटांवर. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे रात्रीचा पारा १३-१४ अंशांपर्यंत उतरतो. फूल धरायला एवढी थंडी पुरते. युरोपात फुलासाठी दिवस लहान होण्याची वाट पाहावी लागते. आपला सर्वांत मोठा दिवसच जेमतेम तेरा तासांचा असल्याने येथे ती अडचण नाही. येथे निर्णय थंडीच्या हाती असतो.

अडचण आहे ती एप्रिल-मेची, जेव्हा पारा ३५-३६ अंशांपर्यंत जातो, आणि नंतर जून ते सप्टेंबरच्या ओलीची. निपाणी आपल्यापेक्षा सखल आणि उष्ण. तेथे पावसाचा त्रास कमी, पण उन्हाचा जास्त. त्यामुळे निपाणीकरांनी सावलीची तयारी आपल्या दोन-तीन आठवडे आधी करावी.

रोप कोठून व कोणते घ्यावे

स्वीट चार्ली, विंटर डॉन, कॅमरोझा आणि नाबिला ही नावे आपल्याकडे ऐकू येतात. घरासाठी स्वीट चार्ली किंवा विंटर डॉन सोपी, कारण दोन्ही लवकर फळतात. कॅमरोझाचे फळ घट्ट असते, थोडे उशिरा येते.

स्थानिक नर्सरीत रोप मिळते, पण बऱ्याचदा त्याचा वाण सांगता येत नाही. ऑक्टोबरमध्ये पुण्याला मुलांकडे जाणे झाले तर परतताना महामार्गावरून पाचवडला आत वळून वाईच्या बाजूला रोपे घेता येतात. तेथे वाण विचारून, एकाच वाणाची रोपे घ्यावीत. रोप घेताना पाने किती आहेत यापेक्षा मधला गड्डा पाहावा. तो टणक, करंगळीएवढा जाड आणि आतून पांढरा असावा. मुळे पांढरट-पिवळसर असावीत. काळी, लिबलिबीत मुळे असलेले रोप स्वस्तात मिळाले तरी घेऊ नये.

बियांची पाकिटे शक्यतो टाळावीत. संकरित रोपाच्या बियांतून आईसारखे फळ येत नाही, आणि बी रुजायलाही चिवट असते. मोबाइलवर निळ्या स्ट्रॉबेरीच्या बियांच्या जाहिराती येतात. निळी स्ट्रॉबेरी जगात कोठेही नाही.

माती आणि कुंडी

स्ट्रॉबेरीची बहुतेक मुळे वरच्या सहा इंचांत असतात. तिला खोल नको, रुंद आणि पाणी न साठणारी जागा हवी. आठ ते दहा इंची कुंडीत एक रोप, लांबट कुंडीत दर फुटाला एक रोप. कुंडीच्या तळाला चार-पाच मोकळी भोके हवीत आणि कुंडी दोन विटांवर ठेवावी, म्हणजे भोके बुजत नाहीत.

आपल्याकडची तांबडी माती किंचित आम्लधर्मी असते आणि ती स्ट्रॉबेरीला मानवते. दोन भाग तांबडी माती, दोन भाग चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग जाड वाळू आणि कुंडीमागे मूठभर निंबोळी पेंड, असे मिश्रण करावे. शेणखत चाळून घ्यावे. त्यात हुमणीच्या पांढऱ्या अळ्या असतात, आणि दोन अळ्या एका रोपाची सगळी मुळे खातात. उसाच्या शेतकऱ्यांना ही अळी चांगली ठाऊक आहे.

निपाणीची काळी माती तंबाखूला चांगली, पण स्ट्रॉबेरीला नाही. ती पाणी धरून ठेवते, वाळली की भेगाळते आणि मुळे तुटतात. तेथे कुंडीत तांबडी माती आणून भरावी किंवा कोकोपीट आणि गांडूळखत वापरावे. येळ्ळूर-वडगाव भागातली भातशेतीची चिकट मातीही अशीच, ती कुंडीत भरू नये.

उद्यमबागेतल्या सभासदांसाठी दोन सूचना. फौंड्रीतली वापरलेली काळी वाळू फुकट मिळते म्हणून कुंडीत घालू नये. तिच्यात बेंटोनाइट, कोळशाची पूड, कधी रेझिन आणि धातूचे बारीक कण असतात. तसेच कटिंग ऑइल, कूलंट किंवा रंग यांचे रिकामे डबे कितीही धुतले तरी खाण्याच्या झाडासाठी वापरू नयेत. ज्या कुंडीतले फळ लहान मूल तोडून थेट तोंडात घालणार, ती कुंडी स्वच्छच असली पाहिजे.

लागवड

पाऊस ओसरल्यावर, दसऱ्याच्या सुमारास लागवड करावी. लावताना एकच गोष्ट काटेकोरपणे पाळावी : गड्ड्याचा मध्य मातीच्या पातळीला यावा. गड्डा गाडला गेला तर कुजतो, उघडा राहिला तर मुळे वाळतात. लागवड संध्याकाळी करावी आणि पहिले चार-पाच दिवस सावली द्यावी.

लागल्यावर पहिल्या तीन-चार आठवड्यांत आलेली फुले खुडून टाकावीत. जीवावर येते, पण त्यामुळे रोप आधी मूळ धरते आणि पुढे फळ मोठे देते. त्यानंतर रोपाला दिवसातून सहा तास तरी ऊन मिळेल अशी जागा द्यावी.

मातीवर भाताचे पिंजर किंवा वाळलेला पालापाचोळा दीड-दोन इंच पसरावा. ओल टिकते, पाण्याच्या थेंबाबरोबर माती पानांवर उडत नाही आणि फळ मातीला टेकून कुजत नाही.

पाणी आणि खत

सकाळी पाणी द्यावे, मुळाशी द्यावे, पानांवर ओतू नये. बोट एक इंच खाली घालून पाहावे. ओल लागली तर त्या दिवशी पाणी नको. बोअरच्या पाण्यात क्षार जास्त असतात आणि स्ट्रॉबेरीला ते सोसत नाहीत. पानाच्या कडा करपतात, किंवा शिरा हिरव्या राहून पान पिवळे पडते. शक्य असेल तर नळाचे पाणी वापरावे. फक्त बोअरच असेल तर महिन्यातून एकदा कुंडीला खालून भरपूर निथळेल इतके साधे पाणी द्यावे, म्हणजे साठलेले क्षार वाहून जातात.

खत थोडे आणि वरचेवर. दर पंधरा दिवसांनी कुंडीला मूठभर गांडूळखत पुरते. विद्राव्य खत वापरणाऱ्यांनी १९:१९:१९ हे लिटरला दोन ग्रॅमपेक्षा जास्त घेऊ नये. फुले लागल्यावर युरिया अजिबात नको. नुसती पाने माजतात, फळ पांचट आणि मऊ होते.

फूल आणि फळ

ज्याला आपण फळ म्हणतो तो खरे तर फुलाचा फुगलेला देठाग्र आहे. बाहेरून दिसणारे बारीक पिवळे दाणे हीच खरी फळे. प्रत्येक दाण्याला परागकण मिळाला तरच त्याखालचा गर फुगतो. म्हणून मधमाशी न आलेल्या बाल्कनीत वेडीवाकडी फळे लागतात. तो रोग नव्हे. मऊ ब्रशने सकाळी दहाच्या सुमारास फुलाच्या मध्यावर हलकेच फिरवले की प्रश्न सुटतो.

फुलापासून फळ पिकायला साधारण एक महिना लागतो. पूर्ण लाल झाल्यावरच, देठासह तोडावे. पेरू-चिकूसारखी स्ट्रॉबेरी घरात ठेवून पिकत नाही. तोडल्यावर रंग थोडा गडद होतो, गोडी वाढत नाही. बाजारातल्या फळापेक्षा घरचे गोड लागते याचे हे मुख्य कारण, कारण बाजारातले फळ प्रवासासाठी थोडे आधी तोडावे लागते. फळ खाण्याच्या वेळीच धुवावे, धुऊन ठेवले की बुरशी लागते. शंभर ग्रॅम स्ट्रॉबेरीत सुमारे ५९ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असते.

अपेक्षा बेताची ठेवावी. कुंडीतले एक रोप हंगामात पाव किलोच्या आसपास फळ देते. आठ-दहा रोपे असली तर आठवड्यातून एक-दोन वेळा घरात वाटीभर फळे येतात.

रनर : पुढच्या वर्षाची रोपे

होळीच्या सुमारास फळ कमी होते आणि रोपातून लांब, दोऱ्यासारखे धुमारे निघतात. शाळेच्या पुस्तकात यांना धावते खोड म्हणतात, शेतकरी रनर म्हणतात. प्रत्येक रनरवर ठरावीक अंतराने छोटे रोप तयार होते. फळाच्या दिवसांत रनर दिसला तर कापावा, कारण तो फळाच्या वाट्याचे अन्न खातो. होळीनंतर मात्र तो वाढू द्यावा.

दुधाच्या रिकाम्या पिशवीला तळाशी भोके पाडून तीत मातीचे मिश्रण भरावे. रनरवरचे छोटे रोप त्यावर टेकवून केसाच्या पिनेने किंवा वाकवलेल्या तारेने अडकवावे. आईपासून लगेच तोडू नये. चार-पाच आठवड्यांत रोप हलकेच ओढून पाहावे, हाताला अडले म्हणजे मूळ धरले. मग दोर कापावा. एका रनरवरची पहिली दोन पिल्लेच ठेवावीत, पुढची अशक्त असतात. एका आईकडून चार पिल्ले पुरेत.

बँकेत आयुष्य गेल्यामुळे आम्हाला हा व्यवहार मुदत ठेवीसारखा वाटतो. फळ हे खर्चायचे व्याज. रनर हे पुन्हा मुद्दलात टाकायचे व्याज. मूळ रोप दोन हंगाम चांगले फळते. तिसऱ्या हंगामात गड्डा लाकडासारखा होऊन मातीच्या वर येतो आणि फळ बारीक पडते. तोवर पिल्ले फळाला आलेली असतील तर घरात खंड पडत नाही. 'बहुवर्षायू' याचा आपल्या हवेतला अर्थ हाच आहे : एकच रोप दहा वर्षे नाही, पण एकच वंश अनेक वर्षे.

अर्थात वंशालाही मर्यादा आहे. मावा ही कीड विषाणू पसरवते आणि तो रनरमधून पुढच्या पिढीत जातो. पाने आखूड, सुरकुतलेली आणि पिवळट येऊ लागली, तर त्या रोपाची पिल्ले धरू नयेत. तीन-चार वर्षांनी काही ताजी रोपे आणून भर घालावी.

उन्हाळा

गुढीपाडव्यापासून कुंड्यांवर पन्नास टक्के सावलीची हिरवी जाळी बांधावी, किंवा त्या पूर्वेच्या भिंतीशी, जेथे दुपारचे ऊन येत नाही तेथे हलवाव्यात. गच्चीचा स्लॅब तापतो, म्हणून कुंडी थेट स्लॅबवर नको. जुनी, लालसर झालेली पाने कापावीत, मधली कोवळी तीन-चार पाने ठेवावीत. या काळात रोप मेल्यासारखे दिसते. गड्डा दाबून पाहावा. तो टणक असेल तर रोप जिवंत आहे, टाकू नये. खत बंद ठेवावे, फक्त ओल राखावी. वळिवाच्या गारा पडतात तेव्हा जाळीचा दुहेरी उपयोग होतो.

पावसाळा

आपल्या भागात रोपे सर्वाधिक मरतात ती उन्हाळ्यात नव्हे, पावसाळ्यात. बेळगावला वर्षाला साधारण १३०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. मृगाचा पाऊस सुरू होण्याआधी कुंड्या छपराखाली घ्याव्यात, पण अंधारात नव्हे. पारदर्शक पत्र्याखालची किंवा उजेडी व्हरांड्याची कड उत्तम. पागोळ्या कुंडीत पडणार नाहीत हे पाहावे. मातीवरचे पिंजर या काळात काढून टाकावे, त्याखाली गोगलगाई राहतात. पाणी आठवड्यातून एखाद्या वेळी, बोटाने पाहूनच.

सगळी रोपे एका ठिकाणी ठेवू नयेत. निम्मी पिल्ले दुसऱ्या कोपऱ्यात किंवा शेजाऱ्यांकडे ठेवली, तर एका जागी रोग आला तरी वाण हातचा जात नाही.

रोग आणि कीड

लाल कोळी : फेब्रुवारीपासून कोरड्या हवेत. पानाखाली बारीक जाळे, पान तपकिरी. पानाच्या खालच्या बाजूला पाण्याचा जोरदार फवारा तीन-चार दिवसांआड मारावा.

मावा : कोवळ्या देठावर. लिटरला पाच मिलिलिटर निंबोळी तेल आणि थोडे साबणपाणी, संध्याकाळी फवारावे. फळे तोडून झाल्यावरच फवारावे.

करडी बुरशी : ढगाळ, दमट हवेत फळावर राखाडी लव. असे फळ लगेच काढून घराबाहेर टाकावे.

गड्डाकूज : पाणी असूनही रोप अचानक माना टाकते. गड्डा चिरल्यास आत तांबूस-तपकिरी डाग दिसतात. यावर इलाज नाही. रोप मातीसकट टाकावे आणि कुंडी धुऊन उन्हात तापवावी.

बुलबुल आणि खार : फळ लाल होण्याच्या दोन दिवस आधीच येतात. साधी मच्छरदाणीची जाळी पुरते, मात्र फुलांच्या वेळी दिवसा ती उघडी ठेवावी.

स्ट्रॉबेरीसारखी दिसणारी दुसरी वेल

काही वेळा नर्सरीतून आणलेल्या रोपाला पिवळी फुले येतात. ती खरी स्ट्रॉबेरी नव्हे. खऱ्या स्ट्रॉबेरीचे फूल पांढरे असते. पिवळ्या फुलाची ही वनस्पती मूळची आशियातलीच, तिच्या शास्त्रीय नावात 'इंडिका' आहे. जुन्या वर्गीकरणात तिला वर उल्लेख केलेल्या ड्युशेनचे नाव दिले होते. फळ लाल, गोल, देखणे, पण चव पाण्यासारखी. ते विषारी नाही. सावलीत झाडाखाली हिरवा गालिचा म्हणून ही वेल छान वाढते. खाण्यासाठी म्हणून मात्र विकत घेऊ नये.

सणावारांप्रमाणे वर्षाची कामे

गणपती : नवीन माती कालवून ठेवणे, जुन्या रोपांची वाळकी पाने काढणे.
दसरा : पिल्ले मोठ्या कुंडीत लावणे, जुन्या रोपांची वरची माती बदलणे.
दिवाळी : पहिली फुले खुडणे, पिंजर पसरणे.
संक्रांत : फळांचा मुख्य बहर, पंधरवड्याचे खत, पक्ष्यांची जाळी.
होळी : रनर धरणे सुरू.
गुढीपाडवा : सावलीची जाळी, खत बंद.
मृग : कुंड्या छपराखाली.
श्रावण : कुजकी पाने व गोगलगाई वेचणे, पिल्लांची पाहणी.

प्रत्येक पिशवीवर वाणाचे नाव आणि साल रंगाने लिहून ठेवावे. दोन वर्षांनी कोणते रोप आई आणि कोणते पिल्लू हे डोळ्यांनी ओळखता येत नाही. सप्टेंबरअखेर ज्यांच्याकडे जादा पिल्ले असतील, त्यांनी ती टाकून न देता शेजारच्या सभासदांना द्यावीत. देताना वाण, साल आणि 'गड्डा गाडू नका' एवढे तीनच शब्द सोबत सांगावेत.